कपाशीत नेलेलं मशीन

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. एसटी घाटात वळली की मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरतो. शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून माझं पोट बिघडतं. मारेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेचा मास्तर आणि आमचं वावर पाहते माझी बायको. पेरणी, फवारणी, मजूर, बाजारभाव, सगळं तिच्याकडे. रविवारी मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून सूचना करतो आणि त्या कोणीच ऐकत नाही. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण तिनं माझ्यासाठीच राखून ठेवली आहे. बावीस वर्षांच्या संसारात मी ती इतक्या वेळा ऐकली की आता मला तिचा राग येत नाही.

पण दोन वर्षांपूर्वी ब्रह्मराक्षस खरोखरच मागे लागला.

कपाशीची वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. वावरात चार दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. त्या दिवशी ती डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन धुरा चढली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि उभीच्या उभी खाली गेली. घेरी येते म्हणून कपाळाला हात लावला, कशाला धरलं, असं काही झालंच नाही. गुंडी आधी पडली की ती आधी पडली, हे मला आजही सांगता येत नाही. तोंड राखेसारखं झालेलं, ओठ निळसर. मी तिच्या नावानं ओरडत होतो आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता. कोणीतरी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. तोवर तिनं डोळे उघडले होते आणि सगळ्यांकडे बघून विचारलं, “काय झालं? पाणी कोनं सांडवलं?”

कांद्याचा गुण आला म्हणून सगळे खूश झाले. मी तिला मोटरसायकलवर बसवून तालुक्याला नेलं. तिथं बीपी पाहिला, थोडा कमी निघाला. कमजोरी आहे म्हणाले आणि सलाईनची बाटली लावली. बाटली लावली की आमच्या भागात अर्धा आजार तिथेच बरा होतो. ती संध्याकाळी घरी येऊन भाकरी टाकायला बसली. त्या रात्री मला झोप आली नाही, तिला मात्र लगेच लागली.

पुढच्या वर्षभरात ती आणखी दोनदा पडली. एकदा पाण्याच्या टाकीशी, एकदा सोयाबीनचं पोतं सरकवताना. दुसऱ्या वेळी पडल्या पडल्या हातपायांना झटके आले, म्हणून गावानं मिरगी ठरवून टाकली. एकानं चप्पल हुंगवायला सांगितलं. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. भित्र्या माणसाला राग लवकर येतो, कारण भीती लपवायला तो बरा पडतो. मिरगीच्या गोळ्याही सुरू झाल्या. त्या खाऊन ती दिवसभर पेंगायची आणि मला वाटायचं, निदान पेंगतेय तोवर जिवंत तर आहे.

शेवटी यवतमाळला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेही एका सहकारी मास्तरानं खनपटीला बसून ढकललं म्हणून. डॉक्टर तरुण होते, बोलायला तुटक. ईसीजीचा कागद त्यांनी दोनदा पाहिला. मग कागदाच्या पाठीवर हृदय काढलं. वरचे दोन कप्पे, खालचे दोन कप्पे. “ठोका मारा, असा विजेचा इशारा वरून निघतो,” ते म्हणाले. “तो खाली पोचवायला दोन वाटा आहेत, उजवी आणि डावी. यांची उजवी वाट बंद आहे. सगळं काम डावीवर चाललंय. तेवढ्यावरही माणूस आयुष्य काढतो. पण डावीही मधेच दगा देत असेल, तर इशारा खाली पोचत नाही आणि हृदयाचे खालचे कप्पे थांबतात.”

“थांबतात म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे थांबतात. काही सेकंद. मग बहुतेक वेळा परत सुरू होतात.”

‘बहुतेक वेळा’ हे दोन शब्द माझ्या पोटात जाऊन बसले ते बसलेच. ती मात्र कागदावरच्या हृदयाकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “डॉक्टर होऊन राह्यला पन चित्र काई धड काढता येत नाही त्याले.”

डाव्या वाटेचा दगा रंगेहाथ पकडायचा, तर छातीवर चोवीस तास मशीन लावायचं. होल्टर म्हणतात त्याला. छातीवर पाच चिकट्या, त्यातून निघालेल्या वायरी आणि कमरेच्या पट्ट्यात काडेपेटीपेक्षा थोडा मोठा खोका. तो प्रत्येक ठोका लिहून ठेवतो. मशीन बसवणाऱ्या बाईंनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. आंघोळ करायची नाही आणि रोजची सगळी कामं रोजच्यासारखी करायची. पहिली आम्ही तंतोतंत पाळली.

दुसरी कोणी ऐकलीच नाही. चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती फक्त आमच्यासारखीच माणसं करू शकतात. माझी मोठी बहीण केळापूरकडे दिलेली. फोन जाताच ती दुपारच्या गाडीनं हजर झाली. वायरी पाहून तिनं डोक्याला हात लावला आणि अंगणात बाज टाकली. त्यावर दोन गाद्या, त्यावर माझी बायको. “मशीन लागली म्हन्जे मानूस पेशंट झाला,” तिनं जाहीर केलं. “पेशंटनं इकडची काडी तिकडं करायची नाही.” माझ्या बायकोला हे अजिबात पटलं नव्हतं. पण नणंदेपुढे काय बोलणार, आणि नणंदेमागे मी हात जोडून उभा. मग गाव भेटायला यायला लागलं. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की भेटायला न जाणं म्हणजे वैर. बायका येत, बाजेच्या कडेला बसत, बिस्किटाचा पुडा ठेवत, वायरी निरखत आणि आपल्या ओळखीत कोण कोण असंच गेलं ते सांगत. ती उशाला टेकून ऐकत होती. पाण्याचा पेलासुद्धा माझी बहीण तिच्या तोंडाला लावत होती. एकदा ती उठून चुलीकडे निघाली, तेव्हा मीच तिला दटावून परत बसवलं.

चोवीस तासांत तिनं आयुष्यभराचा आराम केला. रिपोर्ट चांगला आला.

डॉक्टर म्हणाले होते, “या चोवीस तासांत काही सापडलं नाही.” मी बसस्टँडवर येऊन बहिणीला फोन केला आणि म्हणालो, “काही नाही निघालं.” या दोन वाक्यांत केवढा फरक आहे, हे मुलांना रोज भाषा शिकवणाऱ्या मास्तराला कळायला हवं होतं. पण भ्यालेला माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो. त्या दिवशी मी स्टँडवर दोन कप चहा घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला चहाची चव लागली.

बहिणीनं रोडग्यांचा नवस बोलला होता. रिपोर्ट चांगला येऊ दे, वावरातल्या देवाला रोडगे देते. मग काय, पुढच्याच रविवारी निंबाखाली गोवऱ्यांची रास पेटली. कणकेचे मोठे गोळे निखाऱ्यात खरपूस भाजायचे, वरण, वांग्याची भाजी, आणि पंगत. रोडगे भाजायचं काम आमच्याकडे पुरुषांचं, पण ती घमेलं घेऊन निखारे ओढायला आली, कारण पुरुषांचं कोणतंही काम तिला पटत नाही. भरलेलं घमेलं तिनं उचललं, चार पावलं आली आणि पडली.

तोंड निखाऱ्यांच्या बाहेर पडलं, एवढंच आमचं नशीब. डावा हात निखाऱ्यांवर गेला आणि तो तिनं काढून घेतला नाही. माझ्या आठवणीत सगळ्यात भयंकर तेच आहे. जिवंत माणसाचा हात आगीवर पडला तर तो आपोआप मागे येतो. हा आला नाही. मी तिला खेचलं, तेव्हा जळक्या कातडीचा वास आला आणि तरी तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. बोटांना काहीच लागलं नाही. माझ्या बोटांची जागा चुकली होती की खरंच तिथं काही नव्हतं, मला माहीत नाही. मी देवाला काय काय कबूल केलं तेही आठवत नाही. मग तिनं लांब श्वास घेतला, तोंडावर एकदम लाली आली, आणि हाताची आग कळून ती विव्हळली. तिच्या त्या विव्हळण्यानं मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

डॉक्टरांनी जळलेला हात पाहिला, मग पहिला रिपोर्ट पुन्हा उघडला. “त्या दिवशी यांनी काय काय केलं?” मी बाज सांगितली, गाद्या सांगितल्या, भेटायला आलेले लोक सांगितले.

“मास्तर, मशीन बाईंना लावलं होतं की बाजेला?”

मी खाली मान घातली.

“या चारही वेळा ओझं होतं, चढ होता, श्रम होते. ठोके वाढले की डावी वाट हात टेकत असावी. झोपवून ठेवलेल्या माणसात ते दिसणार कसं?” त्यांनी तिला चालत्या पट्ट्यावर चालवूनही पाहिलं, पण पट्टा वेगात यायच्या आधीच तिच्या गुडघ्यांनी नकार दिला. “वॉर्डात ठेवलं तरी पुन्हा खाटच नोंदवली जाईल,” ते म्हणाले. “मशीन पुन्हा लावतो. यांचं रोजचं काम काय?”

“सध्या कापूस वेचून राह्यली,” तीच म्हणाली.

“मग कापूस वेचा. चुलीजवळ जायचं नाही, विहिरीजवळ नाही, डोक्यावर काही घ्यायचं नाही, धुऱ्यावर चढायचं नाही. आणि एक माणूस हाताच्या अंतरावर, सतत. चक्कर आली की खोक्यावरचं हे बटन दाबायचं आणि वेळ लिहायची. लिहिणारा माणूस आहे ना घरात?”

लिहिणारा माणूस मीच. मिरगीच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या.

असा मी रजा टाकून वही, पेन आणि मनगटावर घड्याळ घेऊन कपाशीत उतरलो. बहिणीला कळवलंच नाही. बायकोच्या उजव्या तासात, म्हणजे ओळीत, मी, डाव्या तासात जवळच्या बंजारा तांड्यावरची एक म्हातारी. तिला सगळं गाव याडी म्हणतं, त्यांच्या बोलीत आई म्हणजे याडी. याडीनं तिच्याबरोबर वीस वर्षं कापूस वेचला आहे. तिनं वायरी पाहिल्या, खोका पाहिला आणि म्हणाली, “तू चाल बाई. मी हाव.” मला ती काहीच म्हणाली नाही. माझ्यावर तिचा फारसा भरवसा नसावा.

कमरेला फडक्याची ओटी बांधून बायको वेचायला लागली. दोन्ही हात एकदम चालतात तिचे, बोंडातून कापूस सुटतो तो थेट ओटीत. हे मी असं जवळून कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या डाव्या हाताला पट्टी होती, तरी मी मागेच पडत होतो. वाळक्या बोंडांची टोकं माझ्या बोटांत घुसत होती. हाताचं अंतर राखायचं, तिच्या पाठीवर नजर ठेवायची, वही सांभाळायची. तिची मान जरा वाकली की माझा हात पुढे जायचा. ती वाकलेली असायची खालचं बोंड वेचायला.

आता जे सांगतो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सकाळी मला वाटत होतं, ती पडू नये. दुपार कलली तसं वाटायला लागलं, आज पडली नाही तर? मशीन संध्याकाळपर्यंतही कोरंच राहिलं तर? मग पुन्हा रिपोर्ट चांगला, पुन्हा घर, आणि एखाद्या दिवशी कोणी जवळ नसताना विहिरीच्या काठावर. माझ्या मनानं तिच्या पाठीकडे बघून म्हटलं, पड एकदाची. आणि हे मनात आल्याबरोबर मला इतकी भीती वाटली की मी मोठ्यानं म्हणालो, “बस थोडी.”

“कायले?” ती न थांबता म्हणाली. “बसाले आनलं का मले?”

वहीत मी सगळं लिहीत होतो, काही लिहायचं सोडू नये म्हणून. नऊ चाळीस, बसली, पाणी प्याली. दहा पंचवीस, ओटी सैल केली, थोडी उभी राहिली. अकरा वाजता, याडीनं काही विचारलं, उत्तर दिलं नाही. एक दहा, डबा खाल्ला, पोळीचा तुकडा राहिला. त्यातलं काहीच मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. पोरांची हजेरी घ्यावी तशी मी नोंद करत होतो.

पावणेचारला ती भरलेली ओटी गाठोड्यात रिकामी करायला वळली. दोन्ही हातांनी ओटीचं ओझं सावरलेलं. मी तिच्याकडेच बघत होतो. तिचे डोळे वर गेले आणि गुडघे सुटले. त्या क्षणी मी काय केलं, तर घड्याळ पाहिलं. तीन सेहेचाळीस. तिला याडीनं धरलं. म्हातारीनं तिला आपल्या अंगावर घेतलं आणि दोघी कपाशीत बसल्या, आणि मी वाकून तिच्या कमरेचं बटन दाबत होतो. याडी माझ्याकडे बघत म्हणाली, “मास्तर, हात धर तिचा.” मग धरला. थंड होता. मी एक, दोन, तीन मोजायला लागलो आणि पुढचे आकडे मला आठवेनात, दुसरीच्या पोराला येतात तेवढेही. पऱ्हाटीत कापूस सांडला होता. मला रडू यायला लागलं आणि तेवढ्यात तिचा श्वास परत आला.

ती उठली, तोंड पुसलं आणि पहिली गोष्ट विचारली ती अशी, “बटन दाबलं न?”

दोन दिवसांनी डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली. “तीन सेहेचाळीस,” ते म्हणाले. आधी ठोक्यांची टोकं, एकामागून एक, मग एकाएकी टोकं नाहीतच. अगदी सपाट नव्हती रेघ. बारीक बारीक उंचवटे ठरावीक अंतरानं चालले होते. “हे वरचे कप्पे. इशारा जातोय. खाली कोणी घेत नाही.” मी कागदावर बोट ठेवलं आणि ते उंचवटे मोजले. तेवढा वेळ ती नव्हती, एवढंच मला कळलं. डॉक्टर म्हणाले, निदान पक्कं झालं, पेसमेकर बसवावा लागेल, आणि तो बसला की हे थांबेल. मला हायसं वाटलं. मी वही मिटली.

“थांबा,” ते म्हणाले. “नऊ चाळीसला काय झालं होतं?”

मी वही उघडली. “बसली, पाणी प्याली.”

त्यांनी दुसरी पट्टी पुढे केली. टोकं, मग मोकळी जागा, मग टोकं. तीन सेहेचाळीसपेक्षा लहान, पण तशीच. “दहा पंचवीस?” ओटी सैल केली, थोडी उभी राहिली. तिथंही मोकळी जागा होती. “अकरा?” उत्तर दिलं नाही. पुढे दुपारनंतरच्या आणखी दोन पट्ट्या होत्या, त्यांच्यापुढे माझ्या वहीत नुसतं ‘बसली’ असं होतं. मी हाताच्या अंतरावर उभा राहून हे सगळं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

डॉक्टरांनी पट्ट्या बाजूला केल्या आणि तिला विचारलं, “बाई, या वेळी तुम्हाला काही कळत होतं?”

“हाव,” ती म्हणाली. “डोळ्यापुढं काळं येते. मंग मी बसून घेते. घोटभर पानी पेलं की जाते.”

“कधीपासून?”

“पह्यल्यांदा पडली त्याच्याही आंधीपासून.”

“रोज?”

“कामाच्या दिवशी रोजच. कधी दोनदा, कधी लयदा. मोजलं नाही.”

दोन वर्षं मी रात्री उठून तिच्या नाकाशी बोटं धरत होतो. शाळेतून दिवसाला चार फोन करायचो, आणि दर वेळी ती म्हणायची, “बरी हाव, धंदा करू द्या.” तेव्हा ती धुऱ्याला टेकून बसलेली असायची.

“मले काहून नाही सांगितलं?” मी विचारलं. आवाज चढला होता माझा. डॉक्टरांसमोर चढायला नको होता.

तिनं पट्टी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला.

“तुमी भेता,” ती म्हणाली. “तुमाले सांगतलं तर मले तुमचंही भेव सांभाळा लागते. आपलं एकटीचं सांभाळनं सोपं जाते.”

डॉक्टरांनी पेसमेकर बसवायला कोणत्या दिवशी, किती वाजता, उपाशीपोटी यायचं ते एका कागदावर लिहिलं. मी हात पुढे केला होता. त्यांनी तो कागद तिच्याकडे दिला.